38 ची पट्टी हवी, 55 वर येते! सिनॅप्टोफायसिनची अँटीबॉडी खराब की मीच?

टिळकवाडीची (रविवार, रात्री 11:20)

नमस्कार मंडळी. हा धागा आरोग्य विभागात टाकू की रडगाणं विभागात ते कळेना म्हणून इथं टाकतेय.

मी बेळगावात फार्माकॉलॉजीत पीएचडी करते. काम असं की विस्टार रॅटना ब्राह्मीचा अर्क द्यायचा आणि मग मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस भागात सिनॅप्स (दोन नसांमधले निरोपाचे जोड) वाढले का बघायचे. सिनॅप्स काही सहज मोजता येत नाहीत, म्हणून तिथल्या सिनॅप्टोफायसिन नावाच्या प्रोटीनचा वेस्टर्न ब्लॉट. अँटीबॉडी घेतली माऊस मोनोक्लोनल. एवढीशी कुपी, त्यात 100 मायक्रोलिटर, बिल अडतीस हजार. ऑर्डर दिल्यावर अडीच महिन्यांनी आली ती पण शनिवारी दुपारी, विभाग बंद, वॉचमनकाकांनी पार्सल खुर्चीखाली ठेवलं. सोमवारी उघडलं तर जेलच्या पिशव्या कोमट.

आता गंमत. सिनॅप्टोफायसिन 38 किलोडाल्टनला (हे प्रोटीनच्या वजनाचं माप) दिसायला पाहिजे. मला 55 च्या आसपास हा एवढा जाड पट्टा, 25 ला एक पुसट, आणि 38 ला डोळे बारीक करून बघितलं तर काहीतरी आहे असं वाटतं, नाहीतर नाही. चार ब्लॉट झाले. बाकी सगळं नेहमीसारखंच केलंय, मेंदू बफरमध्ये घोटला, 12,000 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोरानं) फिरवला, वरचं स्वच्छ घेतलं, प्रोटीन मोजलं, 30 मायक्रोग्रॅम भरलं, 5 टक्के दुधात ब्लॉक, रात्रभर थंडीत अँटीबॉडी.

गाईड म्हणतात माल खराब, बदलून माग. विकणारा म्हणतो मॅडम तुमचं टेक्निक. ग्रँटमध्ये दुसऱ्या कुपीचे पैसे नाहीत. खरंच अँटीबॉडी मेली असेल का, आणि मेली हे सिद्ध कसं करायचं?

संकेश्वरी_मिरची

38 हजार मोजून 38 च दिसेना. ग्राहक मंचात जा.

निपाणीकर_दाजी

ताई मी तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतो, मला यातलं ओ की ठो कळलं नाही पण धागा शेवटपर्यंत वाचला. जरा मराठीत सांगता का?

टिळकवाडीची

@दाजी, सांगते की. एक नस दुसऱ्या नसेला निरोप देते तो रसायनानं. ते रसायन नसेच्या टोकाला बारक्या बारक्या पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं, एक पिशवी साधारण 40 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमधे ओळीनं पंचवीस हजार बसतील. निरोप द्यायची वेळ आली की पिशवी भिंतीला चिकटते, फुटते, माल पलीकडे. या पिशव्यांच्या अंगावर जी प्रोटीनं आहेत त्यातलं एक सिनॅप्टोफायसिन. 2006 साली एका गटानं रॅटच्या मेंदूतली एक सरासरी पिशवी मोजून काढली, त्यात याचे तीसेक रेणू निघाले. म्हणून ते खूण म्हणून वापरतात, जिथं हे जास्त तिथं पिशव्या जास्त, पर्यायानं सिनॅप्स जास्त.

आणि ब्लॉट म्हणजे सगळी प्रोटीनं जेलमधून पळवायची, हलकं लांब जातं जड मागं राहतं, मग ती एका कागदासारख्या पडद्यावर उतरवायची आणि त्यातलं आपलं माणूस ओळखायला अँटीबॉडी सोडायची. ती जाऊन चिकटते. मग तिला ओळखणारी दुसरी अँटीबॉडी, जिच्या शेपटीला उजेड पाडणारं एन्झाइम असतं. उजेड पडला तिथं पट्टी.

निपाणीकर_दाजी

म्हणजे लग्नात मुलीकडचा कोण हे ओळखायला एक माणूस पाठवायचा आणि त्या माणसाला ओळखायला टोपीवाला दुसरा. समजलं. आता टोपीवाला चुकीच्या माणसाजवळ उभा राहिलाय.

बंगळुरात_बेळगावकर

दाजींनी एका ओळीत निदान केलंय, मी गंभीरपणे सांगतोय.

तुमची पहिली अँटीबॉडी उंदराची. दुसरी, म्हणजे टोपीवाला, उंदराच्या अँटीबॉडीला ओळखणारी. नमुना कुणाचा, तर रॅटचा. रॅट आणि माऊस चुलतभाऊ, त्यांच्या अँटीबॉड्या एकमेकांसारख्या. मेंदू काढताना त्यात रक्त राहिलं असेल तर रक्तातली रॅटची स्वतःची अँटीबॉडी, म्हणजे आयजीजी, तुमच्या नमुन्यात आली. जेलवर ती दोन तुकड्यांत सुटते, जड साखळी 50 ते 55 ला आणि हलकी 25 ला. तुमच्या दोन्ही पट्ट्या तिथंच आहेत! टोपीवाला थेट रॅटच्या आयजीजीला जाऊन चिकटतोय, तुमच्या अडतीस हजारवालीचा त्यात काही संबंध नाही.

तपासायला एक पैसा लागत नाही. एक पट्टी पहिली अँटीबॉडी न लावता नुसत्या दुसरीत ठेवा. 55 तरीही आली तर आरोपी निर्दोष. आणि तुमच्याकडं प्राण्याच्या हृदयातून सलाइन सोडून रक्त धुऊन काढतात का, की सरळ मेंदू काढता?

टिळकवाडीची

सरळ काढतो. 😬

अप्पा_गोकाक

मी 30 वर्षं लॅब टेक्निशियन हुतो, रिटायर झालोय, आता धबधबा बघत बसतो. पोरी, तू अँटीबॉडीत सोडियम अझाइड घातलीस काय? आमच्यातली पोरं टिकावं म्हणून वापरायच्या पातळ अँटीबॉडीत पण अझाइड घालायची आणि मग दोन दोन आठवडे ब्लॉट कोरा का येऊलालाय म्हणून माझ्याकडं यायची. अझाइड त्या उजेड पाडणाऱ्या एचआरपी एन्झाइमलाच मारतंय. मूळ कुपीत असूदे, ते पातळ होऊन जातंय, पण दुसऱ्या अँटीबॉडीच्या भांड्यात एक थेंब नको.

बंगळुरात_बेळगावकर

अप्पा, मुद्दा शंभर टक्के खरा, पण इथं लागू नाही. एचआरपी मेलं असतं तर 55 पण दिसली नसती. ती ठणठणीत जाड दिसतेय.

अप्पा_गोकाक

बरोबर हाय की. मागं घेतो. वय झालं.

कुंदाप्रेमी

अवांतर: 5 टक्के दूध कुठलं वापरता? आमच्या गल्लीतल्या म्हशीचं वापरलं तर ब्लॉटऐवजी कुंदाच होईल.

टिळकवाडीची

साय काढलेली पावडर हो! पडद्याच्या रिकाम्या जागा दुधाच्या प्रोटीननं भरून टाकायच्या म्हणजे अँटीबॉडी भलतीकडं चिकटत नाही. आमच्या लॅबमध्ये त्या डब्यावर 'चहासाठी नाही' असं मराठी, कन्नड दोन्हीत लिहिलंय, तरी दर महिन्याला पातळी खाली जातेच.

संकेश्वरी_मिरची

दोन्हीत लिहिलंत म्हणून राहिलात, एकाच भाषेत लिहिलं असतं तर डब्यावर मोर्चा आला असता.

कुंदाप्रेमी

😂😂 हसून हसून पुरेवाट. संपादक येण्याआधी विषयावर या.

पॅथॉलॉजीवाली_माई

मी वेस्टर्न ब्लॉट करत नाही पण सिनॅप्टोफायसिन माझ्या रोजच्या जेवणातलं आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे हे रॅटच्या मेंदूसाठी नाही, माणसाच्या गाठींसाठी लागतं. आतड्याची, फुप्फुसाची, स्वादुपिंडाची एखादी गाठ न्यूरोएंडोक्राइन (नसेसारख्या, हार्मोन सोडणाऱ्या पेशींची) आहे का हे ठरवायला सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन अशी जोडी लावतो. त्या पेशींतही तशाच बारक्या पिशव्या असतात, म्हणून नसेची खूण तिथं उमटते. तुम्ही म्हणता ते प्रोटीन 1985 मध्ये सापडलं, गायीच्या मेंदूतल्या पिशव्यांपासून, आणि त्यावेळचा एसवाय 38 नावाचा क्लोन (म्हणजे अँटीबॉडीचा वाण) आम्ही रेसिडेंट असताना वापरलाय. आता बऱ्याच ठिकाणी सशाचे मोनोक्लोनल आलेत.

माझं म्हणणं एवढंच की अँटीबॉडी मेली असं म्हणण्याआधी तिला जिथं नक्की लागायलाच पाहिजे असं काहीतरी दाखवा. आम्ही दर खेपेला अपेंडिक्सचा एक काप सोबत लावतो. अपेंडिक्सच्या भिंतीत नसांचे बारीक पुंजके असतात, ते तपकिरी झाले पाहिजेत आणि शेजारचा स्नायू कोरा राहिला पाहिजे. ते झालं नाही तर त्या दिवशीचा एकही रिपोर्ट जात नाही. एकदा पुंजके कोरे आले, सगळे कंपनीला फोन लावायला निघाले, आणि शेवटी कळलं की प्रेशर कुकरची रिंग गेलेली, वाफ सुटत होती. (हो, कुकरच. फॉर्मालिननं प्रोटीन आखडून बसतं, ते मोकळं करायला काच बफरमध्ये उकळावी लागते. आमचा कुकर घरच्यापेक्षा चांगल्या कंपनीचा आहे आणि त्यात कुणी डाळ शिजवलेली नाही, निदान माझ्या माहितीत.)

चोर्लाघाट

सगळे त्या अँटीबॉडीची वकिली करतायत म्हणून दुसरी बाजू. मी पुण्यात पोस्टडॉक आहे, आणि बाजारातल्या कितीतरी अँटीबॉड्या लेबलवर लिहिलंय ते ओळखतच नाहीत हे मी स्वतः भोगलंय, किनेज नावाच्या एका एन्झाइमवर दीड वर्ष घालवलं आणि शेवटी निघालं की आमची अँटीबॉडी भलत्याच प्रोटीनला चिकटत होती. 2016 मध्ये मोठ्या लोकांनी बसून अँटीबॉडी तपासायचे पाच मार्ग लिहून काढले ते उगाच नाही. पहिला मार्ग, ज्या प्राण्यात ते प्रोटीनच नाही त्याच्या नमुन्यात पट्टी गायब झाली पाहिजे. सिनॅप्टोफायसिनचा नॉकआऊट उंदीर आहे, 1996 चा, आणि तो मस्त जगतो, मेंदूही वरवर ठीक. त्याचा मेंदू मिळवा, लावा, विषय संपला.

टिळकवाडीची

नॉकआऊट उंदीर मी कुठून आणू? साध्या रॅटसाठी एथिक्स कमिटीच्या दोन मीटिंगा झाल्या.

पॅथॉलॉजीवाली_माई

@टिळकवाडीची, गरिबाचा नॉकआऊट म्हणजे यकृत. त्यात सिनॅप्टोफायसिन नसल्यातच जमा. त्याच रॅटचं यकृत शेजारच्या खड्ड्यात भरा. आणि रक्त तर यकृतात भरपूर, त्यामुळं बेळगावकरांची शंका खरी असेल तर 55 तिथं अजूनच जाड यायला पाहिजे.

बंगळुरात_बेळगावकर

माई दंडवत. एका दगडात दोन पक्षी.

खानापूरकर

मी या विषयातला नाही. शेतकरी आहे, जांबोटीकडं. पण पिशव्या म्हटल्यावर एक विचारायचं आहे. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या चुलत्याला रात्री झोपेत कांडर चावला, मण्यार म्हणतात तो. चावल्याचं कळलं पण नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणाला, मग पापण्या पडायला लागल्या, बोलणं जड झालं. बेळगावला नेला, लस दिली, दहा की बारा बाटल्या, तरी हात उचलत नव्हता. आम्हाला वाटलं लस बनावट आहे, माझ्या भावानं तिथं आवाज पण चढवला, आता लाज वाटते. पाच दिवस मशिनवर श्वास दिला आणि सहाव्या दिवशी बोटं हलली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की नसेच्या टोकातल्या पिशव्याच रिकाम्या झाल्यात, त्या परत भरेपर्यंत मशीन. तेव्हा मला वाटलं समजूत काढतायत. त्या पिशव्या याच का?

पॅथॉलॉजीवाली_माई

याच. अगदी याच.

बाईंनी तुम्हाला थापा मारल्या नाहीत. मण्यारीच्या विषात दोन तऱ्हा असतात. एक स्नायूच्या बाजूला जाऊन कुलूप अडवतं. दुसरं नसेच्या टोकात शिरून तिथल्या पिशव्या संपवतं आणि टोकच मोडून टाकतं. लस रक्तात फिरणारं विष पकडते, पण मोडलेलं टोक तिला जोडता येत नाही. ते शरीरच परत वाढवतं, त्याला दिवस लागतात, तोवर श्वास बाहेरून द्यायचा. विष दिलेल्या प्राण्यांच्या स्नायूत ही टोकं गेली का आली हे बघायला सिनॅप्टोफायसिनचीच अँटीबॉडी वापरलेली आहे.

आणि ती लस म्हणजे तरी काय, अँटीबॉडीच. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून काढलेली. आपल्याकडची लस चौघांवर चालते, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. काका आता कसे आहेत?

खानापूरकर

बरे हायत. आता खाटेवरच झोपतात आणि मच्छरदाणी गादीखाली खोचल्याशिवाय दिवा घालवू देत नाहीत. ते डॉक्टरीणबाईंचं सांगितलं तर बरं वाटंल त्यांना.

अप्पा_गोकाक

देवाची कृपा. आमच्या लहानपणी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत देवीची लस तयार व्हायची वासरांवर, आमचे मामा तिथं कामाला हुते. तिथली झाडी बघितली की मला अजून वासराचा वास येतो. आता लोक वॉकिंगला येऊलालेत.

आई_रुद्रची

सगळ्यांचं वाचतेय. माझ्या मुलाला फिट्स येतात, दोन वर्षं लेव्हेटिरासिटॅम चालू आहे. न्यूरॉलॉजिस्टना विचारलं हे कसं काम करतं तर म्हणाले नसेच्या पिशव्यांवर. तेही सिनॅप्टोफायसिनच का?

बंगळुरात_बेळगावकर

नाही ताई, त्याच पिशवीवरचं दुसरं प्रोटीन, एसव्ही2ए. औषध आधी बाजारात आलं आणि ते नेमकं कुठं चिकटतं हे नंतर, 2004 मध्ये कळलं. त्या एवढ्याशा पिशवीवर बरीच गर्दी आहे. धनुर्वाताचं विष त्याच पिशवीवरचं सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रोटीन कापतं, म्हणून गंजका खिळा लागल्यावर इंजेक्शन. तुमच्या औषधाचं मात्र डॉक्टरांनाच विचारत राहा, डोस इथं कुणाला विचारू नका.

आई_रुद्रची

हो हो, फक्त कुतूहल होतं. आभार.

संकेश्वरी_मिरची

सदर्न ब्लॉट, नॉर्दर्न ब्लॉट, वेस्टर्न ब्लॉट ऐकलेत. बेळगावात केला तर कुठला ब्लॉट? मुंबईवाले म्हणणार सदर्न, बंगळूरवाले म्हणणार नॉर्दर्न.

चोर्लाघाट

सदर्न हे माणसाचं आडनाव आहे, दिशा नाही. बाकीच्यांनी त्यावर कोटी करून नावं ठेवली. म्हणजे तुमच्या विनोदाला शास्त्रीय परंपरा आहे.

टिळकवाडीची (गुरुवार, रात्री 9:05)

अपडेट! काल एका जेलवर मेंदू, यकृत, मेंदू, यकृत असं भरलं आणि पडदा मधून कापला. एका अर्ध्याला दोन्ही अँटीबॉड्या, दुसऱ्याला नुसती दुसरी.

55 आणि 25 चारही ठिकाणी. यकृतात तर 55 इतकी जाड की शेजारच्या ओळीत उजेड सांडला. नुसती दुसरी लावलेल्या अर्ध्यात पण तेच. म्हणजे ती रॅटचीच आयजीजी. बेळगावकर आणि दाजी, दोघांना एक एक किलो कुंदा लागू.

पण 38 अजून नाही. मेंदूत अगदी केसाएवढी रेघ, यकृतात काही नाही. चोर्लाघाट, तुम्ही जिंकलात का?

चोर्लाघाट

मला जिंकायला आवडतं, पण ती केसाएवढी रेघ यकृतात नाही आणि मेंदूत आहे हे मला खटकतंय. खराब अँटीबॉडी एवढी सभ्य नसते.

निपाणीकर_दाजी

माझा एक किलो निपाणीला पाठवा, बस स्टँडवर घेतो.

कुंदाप्रेमी

माझ्या मते पार्सल वॉचमनकाकांच्या खुर्चीखाली दीड दिवस होतं तिथंच खेळ खल्लास. उन्हाळ्यात आमचं ताक फाटतं.

पॅथॉलॉजीवाली_माई

अँटीबॉडी ताकापेक्षा कणखर असते. दोन दिवस कोमट राहून सहसा काही होत नाही, तिचा खरा शत्रू गोठवणं आणि वितळवणं, पुन्हा पुन्हा. आणि घरच्यासारखा आपोआप बर्फ वितळणारा फ्रिज असेल तर तो स्वतःच दिवसातून तापतो गार होतो. @टिळकवाडीची, आल्यावर लहान लहान कुप्यांत वाटून ठेवलीत ना?

टिळकवाडीची

वाटली होती, पाच पाच मायक्रोलिटर, वीस कुप्या. तेवढं एक शहाणपण केलं होतं.

बंगळुरात_बेळगावकर

मग मला नमुन्याबद्दल विचारायचंय. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही घाईत एक वाक्य लिहिलंत, 'बफरमध्ये घोटला, 12,000 जी वर फिरवला, वरचं स्वच्छ घेतलं.' कुठला बफर? त्यात डिटर्जंट होतं? ट्रायटॉन, एसडीएस, रिपा, काही?

टिळकवाडीची

साधा फॉस्फेट बफर, थंड. डिटर्जंट नाही. आमच्याकडं पूर्वीपासून एसओडी, कॅटालेज मोजायला हाच नमुना करतात, सिनियरनी शिकवलेली पद्धत. का?

बंगळुरात_बेळगावकर

सापडलं!!!

ऐका. एसओडी आणि कॅटालेज पाण्यात विरघळणारी एन्झाइमं, ती वरच्या निवळीत येतात, तुमच्या सिनियरचं बरोबर होतं. पण सिनॅप्टोफायसिन पिशवीच्या भिंतीत चार वेळा आरपार शिवलेलं प्रोटीन आहे, ते डिटर्जंटशिवाय पाण्यात सुटं होऊन तरंगत नाही. वर मेंदू घोटला की नसांची टोकं तुटतात आणि तुटलेल्या जागी पुन्हा मिटतात, पिशव्या आतच. त्याला सिनॅप्टोसोम म्हणतात. आणि सिनॅप्टोसोम खाली बसवायला लोक मुद्दाम किती जी वर फिरवतात माहितीय? दहा ते बारा हजार!

म्हणजे तुमचा सगळा सिनॅप्टोफायसिन नळीच्या बुडाला साक्यात बसला. घोटताना काही टोकं फुटली असतील त्यातल्या सुट्या पिशव्या वर राहिल्या, ती तुमची केसाएवढी रेघ. आणि रक्तातली आयजीजी पाण्यात विरघळते, ती सगळी वर. वर तुम्ही 30 मायक्रोग्रॅम मोजून भरलंत ते नको असलेल्याचंच.

निपाणीकर_दाजी

लोणी टाकलं आणि ताक ठेवलं.

अप्पा_गोकाक

दाजी तुम्ही वखार सोडा, लॅबला या.

पॅथॉलॉजीवाली_माई

मी पण तिसऱ्यांदा वाचल्यावर दिसलं. 'नेहमीसारखंच' या शब्दावर नजर घसरते.

टिळकवाडीची

मी आत्ता खुर्चीतून उठून दोन मिनिटं गॅलरीत जाऊन आले.

24 रॅट. आता परत मारायला परवानगी मिळणार नाही, मलाही ते करवणार नाही. हिप्पोकॅम्पस तर दाण्याएवढं, सगळं एकदमच घोटलं होतं, राखून काही ठेवलेलं नाही.

अप्पा_गोकाक

साका टाकलास काय? त्याच दिवशी?

टिळकवाडीची

नळ्या धुवायला ठेवल्या होत्या… थांबा. आमच्याकडं नळ्या मी नाही धूत, लॅबचे शिपाईमामा धुतात. उद्या विचारते. झोप लागणार नाही आता.

टिळकवाडीची (शुक्रवार, सकाळी 10:42)

मामांनी धुतल्या नव्हत्या!!! म्हणाले, मॅडम त्यावर तुम्ही नंबर घातलेले होते, नंबर घातलेलं मी धूत नाही, एकदा एका सरांनी त्यावरून फार बोलून घेतलं होतं. सगळ्या एका आइस्क्रीमच्या डब्यात घालून उणे 80 च्या तळाला, वर पेनानं 'टिळकवाडी मॅडम' असं लिहून. चोवीसच्या चोवीस. डब्यावर अजून बटरस्कॉचचं चित्र आहे.

आई_रुद्रची

माझ्या अंगावर काटा आला.

संकेश्वरी_मिरची

कुंदा मामांना द्या. आमची सगळ्यांची नावं काढा.

बंगळुरात_बेळगावकर

एकदम सगळ्या वितळवू नका! आधी एकच, ती पण काम नसलेली, पायलटची असेल तर. रिपामध्ये (डिटर्जंटवाला बफर) थोडं एसडीएस आणि प्रोटिएज इनहिबिटर (प्रोटीन कुरतडलं जाऊ नये म्हणून), बर्फावर, थोडं सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी फोडा. आणि एका ओळीत निवळ, शेजारी साका, असं दोन्ही भरा म्हणजे गाईडना दाखवता येईल. 55 नको असेल तर रॅटच्या आयजीजीविरुद्ध चाळून घेतलेली दुसरी अँटीबॉडी मिळते, ती कुणाकडून तरी दहा मायक्रोलिटर उधार घ्या.

चोर्लाघाट

आणि चोवीसही साके एकाच पद्धतीनं, एकाच आठवड्यात करा. नाहीतर रिव्ह्यूअर विचारेल काही नमुने जास्त दिवस का पडून होते. साका वापरला हे पेपरमध्ये स्पष्ट लिहा, लपवू नका, उलट सिनॅप्टोसोमचा भाग म्हणून ते जास्त सोयीचंच आहे. क्लोनचं नाव आणि लॉट नंबर पण लिहा, आमच्या किनेजवाल्यांनी लिहिलं असतं तर माझं दीड वर्ष वाचलं असतं.

टिळकवाडीची (बारा दिवसांनी)

धागा वर काढते.

फोटो टाकलाय. डावीकडं निवळ, उजवीकडं साका, दोन्ही 20 मायक्रोग्रॅम. डावीकडं तीच केसाएवढी रेघ. उजवीकडं 38 ला पट्टी अशी की पहिल्यांदा मला वाटलं शाई सांडली, तीस सेकंदांचा एक्सपोजर पाच सेकंदांवर आणावा लागला. यकृताच्या साक्यात 38 ला काही नाही. 55 साक्यात खूप कमी झाली आणि माईंनी सांगितलेल्या ओळखीच्या लॅबमधून दुसरी अँटीबॉडी उधार आणल्यावर जवळजवळ गेलीच.

गाईडना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, मग विकणाऱ्याला आपण जो कडक मेल लिहिला त्याचं काय करायचं? मी म्हटलं सर, तो तुम्ही लिहिलाय.

चोर्लाघाट

माझा आरोप मागे. किनेजवाल्यांवरचा नाही.

खानापूरकर

चुलत्याला सांगितलं पिशव्यांचं. म्हणाला, भरल्या न्हवं परत, झालं तर.

निपाणीकर_दाजी

आता मूळ प्रश्न. ब्राह्मीनं पिशव्या वाढतात की नाही? आमच्या मंडळी रोज डोक्याला तेल थापतायत, खर्च चालू ठेवू की बंद करू?

टिळकवाडीची

दाजी, चोवीसमधले अजून सहाच झालेत आणि कुठला रॅट कुठल्या गटातला हे मुद्दाम माझ्यापासून लपवलंय, यादी मामांच्या कपाटात आहे. तेल चालू ठेवा, केसांना तरी बरं.

पॅथॉलॉजीवाली_माई

@टिळकवाडीची, तुमच्या वीस कुप्यांतली एक मला देणार का? माझ्या अपेंडिक्सवर लावून बघते, पॅराफिनच्या कापावर चालते का ते. बदल्यात कापांचे फोटो.

टिळकवाडीची

नक्की. मंगळवारी पाठवते, ताजा बर्फ घालून. फक्त शनिवारी पोचेल असं काही नको!